आई चर्चला जाईना, गोळ्याही सोडल्या: यात मंडळीचं काम कोणतं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून आई रात्री दोन-अडीच तासांच्या वर झोपत नाही, ताटातली भाकरी कुस्करून तशीच ठेवते. पूर्वी महिला मंडळात सगळ्यांच्या पुढे असायची, आता रविवारी "तुम्ही जाऊन या" म्हणते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सहा आठवड्यांनी थोडा फरकही पडायला लागला होता. मग मावशी तिला शहराबाहेरच्या एका प्रार्थना सभेला घेऊन गेली. गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास, असं तिथं सांगितलं आणि आईनं गोळ्या बंद केल्या. त्याला आज नऊ दिवस झाले. तुमचा प्रश्न आहे, चर्च खरंच मन बरं करू शकतं का, की हे सगळं डॉक्टरांचंच काम आहे?

मी सोलापूरचीच. सतरा वर्षं वॉर्डात नर्स होते, मग समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि गेली एकवीस वर्षं तेच काम करते. आमच्याकडे चर्चच्या इमारतीला 'देऊळ' आणि चर्चला येणाऱ्या सगळ्यांना मिळून 'मंडळी' म्हणतात. त्या मंडळीत मी लहानाची मोठी झाले आणि आजही दर रविवारी उपासनेला असते. त्यामुळे दवाखान्याची भाषाही कळते आणि देवळातलीही. तुमचा प्रश्न वाचून मला काळजी वाटली, म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे.

आधी गोळ्यांचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. ज्यांनी गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांना उद्याच भेटा आणि नऊ दिवस बंद आहेत हे न लपवता सांगा. घरच्या घरी पुन्हा पूर्वीच्या मात्रेवर सुरू करू नका, किती आणि कशा घ्यायच्या ते त्यांना ठरवू दे. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. त्या एकदम सोडल्या की काही जणांना चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते, घाबरवणारी स्वप्नं पडतात, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण मी हा क्रम कितीतरी घरांत पाहिला आहे. सभेनंतरचे दोन-तीन दिवस माणसाला खरोखर हलकं वाटतं. मनसोक्त रडून झालेलं असतं, गाणी झालेली असतात, शंभर माणसांनी आपल्यासाठी हात वर केलेले असतात. शिवाय आधीच्या गोळीचा अंमलही अंगात थोडा उरलेला असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी गरगरायला लागतं, छातीत धडधडतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघ, सैतान परत आला." मग उपास वाढतो, माणूस आणखी खचतो. तो सैतान नसतो हो, गोळी एकदम सुटल्याचा त्रास असतो.

आणखी एक. "मलाही त्यांच्याकडे जायचंय", "आता माझं काय उरलंय" असं काही आईच्या तोंडून आलं असेल, तर शेजारी बसून सरळ विचारा, "आई, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं झालेली माणसं मी पाहिली आहेत. उत्तर 'हो' असेल, किंवा ती गप्पच राहिली, तर तिला एकटी सोडू नका, गोळ्या आणि घरातली विषारी औषधं आपल्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आईला नेमकं काय झालंय ते मी इथं बसून सांगू शकत नाही. ते शोक आहे की नैराश्य, की दोन्ही एकमेकांत मिसळलंय, हे समोर बसूनच कळतं. थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी बाई अशीच मलूल दिसते, म्हणून रक्त तपासलं नसेल तर तपासून घ्या. शोक लाटांसारखा येतो. मध्येच वडिलांची एखादी खोड आठवून आई हसत असेल तर ते चांगलं लक्षण. नैराश्यात तो चढउतारच जातो, सकाळपासून रात्रीपर्यंत एकच करडा रंग, आणि वर 'मीच नालायक' हे पालुपद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांच्या पुढे, आणि आपापल्या समाजात जितका दुखवटा धरतात त्याच्याही पलीकडे, जर तो माणसाला जगूच देत नसेल, तर त्यासाठी मदत घ्यावी. आठ महिने झालेत, झोप नाही, अन्न नाही. तुम्ही डॉक्टरांकडे नेलंत ते अगदी बरोबर केलंत.

मग मंडळीनं काय करायचं? इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय. माणसाला एकटं पडू न देणं हे मंडळीचं काम. ते ती करते तेव्हा बरं होण्यात तिचा मोठा वाटा असतो. आजार उपटून काढायचं काम ती अंगावर घेते, तेव्हा हे तिचं स्वतःचं काम मात्र राहून जातं.

एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. आमच्या तेलुगू मंडळीतली एक बाई, विड्या वळणारी. तिचा तरुण मुलगा अपघातात गेला. अंत्यविधीला अख्खी मंडळी लोटली. आठवडाभर डबे आले, चाळिसाव्या दिवशी प्रार्थना झाली, आणि नंतर सगळे आपापल्या कामाला लागले, जसे लागतातच. ती बाई अंगणाकडे पाठ करून बसायची. पानं भिजवलेल्या फडक्यात तशीच काळी पडायची, हातच चालत नव्हता. महिला मंडळातल्या दोघीजणींनी काय केलं, तर आपापली सुपं घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिच्या दारात जाऊन बसायला लागल्या. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. बायबलचं वचन नाही, उपदेश नाही. पहिले तीन आठवडे ही एक शब्द बोलली नाही. चौथ्या आठवड्यात तिनं एकीच्या सुपातलं एक पान उचललं आणि म्हणाली, "हे वाकडं कातरलंय." त्या दिवशी तिनं पंचवीसची एक जुडी बांधली. त्या दोघी संध्याकाळी मला भेटल्या तेव्हा एखादा सण असावा तशा बोलत होत्या. त्या बाईचे औषधोपचारही चालू होते, हे सांगायलाच हवं. पण डॉक्टरांकडे ती महिन्यातून एकदा जायची, आणि मंगळवार-शुक्रवार या दोघी यायच्या.

बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं आणि त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. मीही तसंच बिघडवलं आहे. सुरुवातीच्या काळात बायको गेलेल्या एका गृहस्थांना मी म्हटलं होतं, "देवाची इच्छा." ते दोन वर्षं देवळात आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाई, तुमच्या नवऱ्याबद्दल तुम्ही असं म्हणाला असतात का?" त्यानंतर मी ते वाक्य कुणालाही ऐकवलेलं नाही.

तुमची आई देवळात येत नाही याचा अर्थ तिचा विश्वास आटला असाच घेऊ नका. आपल्याकडच्या उपासना आता फार आनंदी झाल्या आहेत. साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहतो तो बरा झालेला माणूस. 'मी अजून बरी नाही' अशी साक्ष कोण देणार आणि ती कोण ऐकून घेणार? म्हणून दुःखी माणूस आपण होऊनच मागे सरतो. खरं तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची १५० स्तोत्रं उघडून बघा, त्यात विलापाची स्तोत्रं ढिगानं आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही 'पण' येत नाही. ज्यांनी ते शास्त्रात ठेवलं त्यांना ते कापून टाकावंसं वाटलं नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपण दुपारी बारा ते तीन, एप्रिलच्या आपल्या त्या उन्हात, पंख्याखाली घाम पुसत येशूचे वधस्तंभावरचे 'सात शब्द', म्हणजे त्याचे शेवटचे सात उद्गार, ऐकतो. त्यातला एक शब्द म्हणजे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे वाक्य जी मंडळी दरवर्षी मोठ्यानं वाचते, तिला तुमच्या आईचा प्रश्न ऐकायला जड जाऊ नये. आईला जमेल तेव्हा तिच्याजवळ बसून ८८वं स्तोत्र वाचा. अर्थ सांगू नका, नुसतं वाचा.

आता अशी गोष्ट जी मंडळीकडे आहे आणि दवाखान्यात तिच्यासाठी फारशी सोय नसते. तुम्ही लिहिलंय की आई सारखं म्हणते, "त्या रात्री छातीत दुखतंय म्हणाले तेव्हाच रिक्षा बोलावली असती तर." हा अपराधीपणा आहे, आणि अपराधीपणा नुसत्या समजुतीनं जात नाही. तुम्ही शंभर वेळा "तुझी चूक नाही" म्हणालात तरी तिला वाटतं, हा माझा मुलगा, हा असंच म्हणणार. ते कुणासमोर तरी पूर्ण बोलावं लागतं, त्या रात्री साडेअकरापासून काय काय झालं ते सगळं. आणि 'तुला क्षमा आहे' हे अशा तोंडून ऐकावं लागतं, ज्याला ते म्हणायचा अधिकार आहे असं ती मानते. त्यासाठी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, असतात. कॅथलिक मंडळींकडे पापनिवेदनाचा संस्कारच आहे. आपल्याकडे, प्रोटेस्टंट मंडळींत, पाळकांसमोर बसून प्रार्थनेत ते करता येतं, आणि त्यानंतर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेता येतं. मी पाहिलंय, मनावरचा खरा डाग असेल तर अशा एका तासानं खांदे उतरतात, त्या रात्री माणूस झोपतो. पण हेही पाहिलंय की काही जणांना क्षमा मिळते, ते रडतात, उठतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच अपराध, त्याच शब्दांत, जणू काल काही झालंच नाही असा पुन्हा समोर येतो. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. तेव्हा मी पाळकांना सांगते, आता थांबा, हे पाप बोलत नाही, आजार बोलतोय. आजारातल्या अपराधीपणाला क्षमा पुरत नाही, त्याला औषध लागतं. हा फरक ओळखणारे पाळक मिळाले तर आईचं निम्मं काम झालं.

मावशीचं काय करायचं? ती वाईट बाई नाही. बहिणीची अवस्था बघवत नाही म्हणून ती धावली. तिच्याशी भांडू नका, तिच्यासमोर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, जो अशा सभांमधून हमखास वाचतात. त्यात लिहिलंय की आजारी माणसानं मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बोलावतो कोण? आजारी माणूस. त्याला कुणी ओढून नेत नाही, त्याच्या घरी जातात. आणि तेल म्हणजे काय? लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी माणूस वाटेत जखमी पडलेल्या परक्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि पुढच्या खर्चाचे पैसेही देऊन जातो. त्या काळी तेल हे औषधही होतं. प्रार्थना आणि औषध दोन्ही एकाच वाटीत होती, वेगळी आपण केली. येशूचा प्रेषित पौल, त्याचा सोबती लूक स्वतः वैद्य, 'प्रिय वैद्य' असंच कलस्सैकरांच्या पत्रात त्याचं नाव येतं. आपल्याकडे ज्यांनी येशूची सुवार्ता आणली त्या मिशनऱ्यांपैकीच काहींनी मिरजेला १८९४ साली दवाखाना काढला, तो आजच्या वानलेस रुग्णालयाचा उगम. आपल्या सोलापूरच्या किती घरांतली माणसं तिथं जाऊन बरी झाली आहेत. हे सगळं सांगितल्यावर मावशीला म्हणा, "तुझी प्रार्थना हवीच आहे, रोज ये आणि कर. फक्त गोळीच्या वेळेला ये, आणि तिच्या हातात पाण्याचा पेला तू दे." मी दोन-तीन घरांत हे सुचवलं. ज्या बाईनं गोळ्या बंद करवल्या होत्या, तीच गोळी झाली का म्हणून फोन करायला लागली.

चमत्कार होतात का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मी प्रार्थनेवर विश्वास ठेवते. वॉर्डात मी अशा काही गोष्टी पाहिल्या आहेत ज्यांचा अर्थ मला आजही लागलेला नाही. पण पौलानं आपल्या शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल? म्हणून ज्या सभेत 'तू बरी झाली नाहीस कारण तुझा विश्वास कमी' असं म्हणतात, तिथून मी माझ्या माणसाला हात धरून बाहेर आणीन. आणि भूत काढायच्या नावाखाली कुणी मारलं, बांधलं किंवा केस ओढले, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. करणारा कुठल्याही धर्माचा असो.

पाळकांकडे जाल तेव्हा मोघम "आईसाठी प्रार्थना करा" असं म्हणू नका. ते करतीलच, पण त्याचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून नाव ग्रुपवर जातं, मग उपासना सुटल्यावर फाटकाशी चार जणी विचारतात, "काय गं, डोक्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणे?" आणि आई आणखी आत जाते. म्हणून नाव कुठंही जाहीर करू नका, हे आधी स्पष्ट सांगा. मग नेमकं मागा. आठवड्यातून एकदा ठरावीक वारी एक बाई, तीच बाई, अर्धा तास येऊन बसेल का? डॉक्टरांकडे जाताना तुम्हाला सुट्टी नसेल तर कुणी सोबत जाईल का? तरुण संघातलं कुणी संध्याकाळी तिला चालायला नेईल का? बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आईच्या घशाखाली जे उतरतं ते द्या. ताकात कुस्करलेली भाकरी चालेल, वर थोडी शेंगाचटणी. पण वेळ ठरलेली ठेवा आणि कुणीतरी सोबत जेवायला बसा.

थोडं बरं वाटू लागलं की तिला काम द्या, लहानसं. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या आणि टाकलेल्या मुली-बायकांना आणलं, तेव्हा मुक्ती सदनात प्रार्थना तर होतीच, पण माग होते, छापखानाही होता. हाताला काम आलं की बाईला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायला लागतं. तुमच्या आईचा गळा चांगला आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिला प्रार्थना करायला सांगू नका, ती आता शब्द जुळवू शकणार नाही. पण शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या, दोन मुलांना कवी ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती पद शिकायला तिच्याकडे घरी पाठवा. जुनं पद म्हणताना शब्द आपले आपण शोधावे लागत नाहीत.

देवळात नेण्याची घाई नको. ती का येत नाही, हे तिला एकदा शांतपणे विचारलंय का? माझ्याकडे येणाऱ्या बायकांची कारणं फार साधी निघतात. नवऱ्याच्या अंत्यविधीला म्हटलेलं गीत पुन्हा लागेल ही भीती. तो नेहमी बसायचा तो बाक. किंवा उपासनेनंतर लोक हात हातात घेऊन जे विचारतात ते. तसं काही असेल तर रविवार सोडून द्या. पाळकांना सांगून एखाद्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, ऊन उतरल्यावर, रिकामं देऊळ उघडून घ्या. तुम्ही दोघंच जा, हवा तो बाक तिला निवडू दे. पाच मिनिटं बसली तरी चालेल आणि दारातूनच परत फिरली तरी चालेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. पण हे सगळं डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. आणि उद्या तिकडे जाताना गोळ्यांची रिकामी आणि उरलेली सगळी पाकिटं सोबत न्या. नाव आणि मात्रा तोंडानं सांगताना चूक होते.